बांगड्याच्या बर्फावर चालू झालेली गाडी

पस्तीस वर्षं मी गाड्यांचं वायरिंग करतो आहे. एवढ्या काळात माझी एका गोष्टीबद्दल खात्री पटली आहे. बंद पडलेली गाडी जेवढा त्रास देते, त्याहून जास्त त्रास तिच्याभोवती जमलेली माणसं देतात. पहिला येतो तो बॉनेट उघडायला सांगतो. दुसरा येऊन ते बंद करायला लावतो आणि धक्का मारतो. तिसरा नुसता उभा राहतो आणि शेवटी म्हणतो, "मी मघाशीच बोल्लो होतो." तो काहीच बोललेला नसतो.

रत्नागिरीत कुवारबावला माझं लहानसं गॅरेज आहे. पाटीवर 'ऑटो इलेक्ट्रिशियन' असं लिहिलंय, पण अर्धं गाव मला वायरमन म्हणतं आणि उरलेलं अर्धं घरातला पंखा बंद पडला की बोलावतं. आता हाताला थोडा कंप आलाय, चष्म्याचा नंबर वाढलाय. त्यामुळे बारीक काम सकाळी करतो आणि दुपारी लोकांना सल्ले देतो. या लेखात मला मात्र एका चुकीच्या सल्ल्याबद्दल सांगायचं आहे. तो मी अगदी छातीठोकपणे दिला होता.

आधी ईसीएम म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पूर्वी गाडीत वायरी कमी असत आणि अक्कल चालवणाऱ्याकडे असे. आता अक्कल बॉनेटखाली एका चपट्या ॲल्युमिनियमच्या डब्यात असते. डबा पावकिलो पेढ्यांच्या खोक्याएवढा. कुठल्या क्षणी किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे सगळं तो ठरवतो. गाडीभर बसवलेले सेन्सर त्याच्याकडे चुगल्या करत असतात. पाणी तापलं, हवा कमी आली, मालकाने पाय दाबला. तो सगळ्यांचं ऐकून घेतो आणि हुकूम सोडतो. चावी फिरवली की समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो, तोही या डब्यामुळेच. दिवा लागला म्हणजे साहेब जागे आहेत असं समजायचं.

हा डबा सहसा बिघडत नाही. म्हणूनच काही सुचेनासं झालं की आमचे मेकॅनिक लोक खुशाल त्याच्यावर ढकलतात. "ईसीएम गेला" असं सांगून माझ्याकडे आणलेल्या बहुतेक गाड्यांत उंदराने वायर कुरतडलेली असते. एका गाडीच्या मालकाने तर बॉनेट उघडून आत पाण्याच्या पंपाने फवारा मारला होता. कारण काय, तर दसरा होता आणि पूजेला इंजिन चकचकीत हवं होतं. त्यामुळे मीही शहाणा झालो होतो. कोणी ईसीएमचं नाव काढलं की मी मान हलवून हसायचो. नसीमा मॅडमच्या बाबतीत हेच शहाणपण नडलं.

नसीमा मॅडम लांज्याजवळच्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. विषय मराठी. राहायला रत्नागिरीत. बरीच वर्षं एसटीने जाऊन येऊन केलं आणि पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकल्या. एक लहान पेट्रोल गाडी घेतली आणि रोज हातखंबा, पाली करत अंजणारीचा घाट ओलांडून लांज्याला जाऊ लागल्या. त्यांचे मिस्टर इस्माईलभाई तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये होते. तेव्हा घरात मॅडमचं राज्य होतं. मग इस्माईलभाई कायमचे घरी आले. इंजिनाचा माणूस रिकामा बसला की काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. घरचा मिक्सर त्यांनी दोनदा उघडून जोडला होता, तिसऱ्यांदा उघडला तो परत जोडला गेलाच नाही.

मार्च महिन्यात सकाळची शाळा सुरू झाली आणि मॅडमची गाडी रस्त्यात बंद पडू लागली. पहिल्यांदा ती टो करून माझ्याकडे आली. मी चावी फिरवली आणि गाडी शहाण्या मुलासारखी चालू झाली. तासभर चालू ठेवली. बॅटरी पाहिली, फ्यूज पाहिले, स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे डॉक्टरच्या नळीसारखं आमचं यंत्र. ते ईसीएमशी बोलतं आणि काय दुखतंय ते विचारतं. काही दुखत नाही असं उत्तर आलं.

तेव्हा मी मॅडमना ते वाक्य ऐकवलं. "मॅडम, गाडीत दोष नाही. घाटात क्लच अर्धा दाबून चालवता, म्हणून बंद पडते."

त्यांनी अर्धी उघडलेली पर्स मिटली. बरोबर आलेले इस्माईलभाई मात्र खूश झाले. ते घरी हेच सांगत होते म्हणे. जहाजाचं इंजिन तीन मजली असतं आणि ते बंद पडत नाही, कारण ते शिकलेल्या माणसाच्या हातात असतं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मीही मान डोलावली. आज ती मान आठवली की लाज वाटते.

आठवड्याभरात गाडी परत आली. पुन्हा दुपारी, पुन्हा लांज्याहून येताना. या वेळी मी जरा डोकं चालवलं. इंजिन फिरतंय की नाही हे सांगणारा एक सेन्सर असतो, तो तापला की झोपतो आणि गार झाला की उठतो. हा ओळखीचा रोग. मी नवा सेन्सर बसवला आणि आता गाडी मुंबईपर्यंत न्या असं सांगितलं. तेही मॅडमना नाही, इस्माईलभाईंना. गाडी कोणाची, चालवतं कोण आणि मी सांगतोय कोणाला, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

तिसऱ्यांदा गाडी अंजणारीच्या उतारावर बंद पडली. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचं पेडल दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखं होतं, कारण दोघांनाही इंजिनाची मदत लागते. मॅडमनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबून, हँडब्रेक ओढून गाडी कडेला आणली. मागून चिऱ्यांनी भरलेला ट्रक येत होता. त्याने दाबता येईल तेवढा ब्रेक दाबला, तरी गाडीचा मागचा बंपर घेऊन गेला. मॅडमना खरचटलंही नाही. ट्रकवाला खाली उतरला आणि त्याने विचारलं, साहेब कुठे आहेत?

इस्माईलभाईंनी त्याच दिवशी गाडी विकायचं ठरवलं. त्यांच्या एका दोस्ताचा जावई पुढच्या रविवारी गाडी बघायला येणार असं पक्कंही केलं.

दोन दिवसांनी, सोमवारी, शाळेला स्थानिक सुट्टी होती. मॅडम रिक्षाने एकट्याच माझ्याकडे आल्या. मी स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत. पर्समधून शाळेची वही काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"विलासभाऊ, मी मुलांना सांगते, उत्तर लिहिण्याआधी प्रश्न पूर्ण वाचा. तुम्ही माझा प्रश्न वाचलाच नाहीत. तो यात आहे."

वहीत पट्टीने आखलेले सात रकाने होते. तारीख. ठिकाण. निघाल्यापासून किती मिनिटांनी बंद पडली. ऊन की ढग. चावी फिरवल्यावर कोणकोणते दिवे लागले. किती मिनिटांनी परत चालू झाली. आणि सातवा रकाना: रस्त्यावरच्या पुरुषांनी सांगितलेलं कारण.

मी साहजिकच आधी सातवा वाचला. पेट्रोलमध्ये पाणी. क्लच. नजर लागली. बाईमाणसाने घाटात गाडी आणू नये. क्लच. चुकीच्या दिवशी घेतलेली गाडी. त्याखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: विलास ऑटो इलेक्ट्रिक, क्लच.

कान गरम झाले. मग बाकीचे रकाने वाचले आणि आणखी गरम झाले. सकाळी सहा-सव्वासहाला निघताना गाडी एकदाही बंद पडली नव्हती. दुपारी परतताना पडत होती, आणि तीही पस्तीस मिनिटं चालल्याशिवाय नाही. ढगाळ दिवशी नाहीच. वीस-पंचवीस मिनिटं उभी राहिली की आपोआप चालू. आणि पाचव्या रकान्यात प्रत्येक ओळीत एकच गोष्ट: बॅटरीचा लाल दिवा लागला, इंजिनाचा पिवळा नाही.

पिवळा नाही, म्हणजे साहेब जागे नव्हते. सेन्सर झोपला असता तर पिवळा दिवा लागला असता. म्हणजे एकतर ईसीएमला करंट पोचत नव्हता किंवा तापल्यावर ईसीएमच आतून तुटत होता. मी दोनदा गाडी उघडली, अर्धा दिवस घालवला, पण गाडी बंद पडल्यावर दिवे कोणते लागतात, एवढा एक प्रश्न चालवणाऱ्या बाईला विचारला नव्हता.

"ही वही तुमच्याकडे पहिल्यापासून होती?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी पर्समध्येच होती. तुम्ही मिस्टरांशी बोलत होतात."

मी वही जवळ ओढली. मी त्यांना सांगितलं, रविवारच्या आत दोष शोधतो. त्या म्हणाल्या, शोधून चालणार नाही, दाखवावा लागेल. घरातल्या इंजिनियरला.

दुसऱ्या दिवशी मी गाडी मागवून घेतली, मुलीचा हेअर ड्रायर मागून नेला आणि ईसीएमला गॅरेजातच तापवून पाहिलं. बायको म्हणाली, "त्याला ग्रीस लावून आणलंत तर बघा." ग्रीस लागलं, पण गाडी काही बंद पडली नाही. तिला नुसती उष्णता नको होती, घाटातले धक्केही हवे होते. आमच्या हायवेचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना धक्के म्हणजे काय ते माहीत आहे.

म्हणून बुधवारी शाळा सुटायच्या वेळी मी आणि इस्माईलभाई एसटीने लांज्याला गेलो. गाडी नेऊ नको असं घरात सांगितलेलं असूनही मॅडम त्या दिवशी ती घेऊनच गेल्या होत्या. माझ्याबरोबर मिरकरवाड्याच्या जेटीवरून घेतलेली बर्फाची थर्माकोलची पेटी होती. मासेवाल्याने दिलेली पेटी, आदल्या दिवशी तीत बांगडे होते. एसटीत आमच्या शेजारी कोणी बसलं नाही.

निघण्याआधी मी ईसीएमच्या प्लगमागून दोन वायरी काढून आत आणल्या आणि त्यांना छोटा बल्ब लावला. करंट आणि अर्थिंग दोन्ही डब्यापर्यंत पोचत असतील तर बल्ब पेटलेला राहणार. स्कॅनर मांडीवर. मला हे सगळं पुढे बसून बघायचं होतं, म्हणून इस्माईलभाईंना मागे बसावं लागलं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या गाडीची मागची सीट पाहिली. बर्फाची पेटी त्यांच्या मांडीवर दिली.

मॅडम गाडी छान चालवत होत्या. क्लचवर त्यांचा पाय नसायचाच. मी मुद्दाम बघत होतो. मागून सूचना येत होत्या, गियर, आरसा, ट्रक. मॅडमनी एकीकडंही नाही, फक्त रस्त्याकडे लक्ष दिलं. चाळीस मिनिटं होत आली आणि अंजणारीच्या चढावर गाडीने मान टाकली.

मॅडमनी ती शांतपणे डावीकडे घेतली. मी म्हटलं, चावी फिरवा. लाल दिवा लागला, पिवळा नाही. मांडीवरचा बल्ब मात्र लख्ख पेटलेला. करंट पोचतोय, अर्थिंग पोचतंय, आणि स्कॅनरने कितीही हाका मारल्या तरी पलीकडून उत्तर नाही. ही चाचणी एवढी सोपी आहे की आठवीतल्या मुलालाही समजेल. दाराशी दूध पोचलंय, बेल वाजवतोय, आतला माणूस उठत नाही.

इस्माईलभाई मागून म्हणाले, "थोडा वेळ थांबली की होईल चालू. तिने क्लच—"

"इस्माईलभाई," मी म्हटलं, "तो बर्फ द्या आणि घड्याळ बघा."

प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ घट्ट बांधून मी ईसीएमवर ठेवला. बॉनेटखालून बांगड्याचा वास सुटला. बाजूने जाणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याने वेग कमी करून विचारलं, काय झालं? मॅडम म्हणाल्या, काही नाही, मासळी शिजवतोय. चार मिनिटांनी मी चावी फिरवायला सांगितली. पिवळा दिवा लागला, गाडी चालू झाली.

वहीत वीस-पंचवीस मिनिटं होती. बर्फाने चार केली. एकदा योगायोग होऊ शकतो, म्हणून आम्ही हातखंब्यापर्यंत आणखी एकदा ती बंद पडू दिली आणि पुन्हा बर्फ लावला. पुन्हा चार-पाच मिनिटं. इस्माईलभाईंनी दोन्ही वेळा घड्याळ बघितलं. त्यानंतर कुवारबावपर्यंत मागच्या सीटवरून एकही सूचना आली नाही.

दोष कळला म्हणजे काम संपलं असं नाही. डब्याच्या आत सर्किटवर टाके असतात, त्यातला एखादा तडकला असेल तर तो तापून फाकतो आणि गार झाला की जुळतो. टाका पुन्हा मारता येतो का? येतो, असं छातीवर हात ठेवून सांगणारे लोक आहेत. मीही एकदा एका जीपचा डबा पटाशीने उघडला होता. उघडला उत्तम. त्यानंतर तो कोणाच्याच कामाचा राहिला नाही आणि मालक अजून मला बघून रस्ता बदलतो. कंपनीतून नवा मागवावा तर यायला तीन आठवडे. आमच्याकडे चार दिवस होते.

मग उरला जुना, पण धड असलेला डबा. कोल्हापूरच्या एका भंगारवाल्याला नंबर वाचून दाखवला. त्याने गुरुवारच्या एसटीने पार्सल पाठवलं. उघडून बघतो तर नंबर बरोबर, शेवटचं अक्षर वेगळं. त्या एका अक्षराने हवेचं माप बदलतं. फोनवर मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शुक्रवारी संध्याकाळी बरोबर अक्षराचा डबा आला.

आता हा दुसऱ्या गाडीतला डबा या गाडीत तसाच लावला तर गाडी चालू होत नाही. चोरी होऊ नये म्हणून डब्याच्या आठवणीत त्याच्या गाडीची चावी नोंदलेली असते. परकी चावी दिसली की तो पेट्रोल सोडत नाही. कोल्हापूरच्या मालकाची चावी आणायला मी जाणार नव्हतो. तेव्हा मॅडमच्या डब्यातली सगळी आठवण उतरवून घ्यायची आणि नव्या डब्यात भरायची. सुदैवाने मॅडमचा डबा गार असताना शुद्धीवर असायचा, म्हणजे आठवण देऊ शकत होता. भरताना मध्येच वीज गेली की दोन्ही डबे पेपरवेट. आणि शनिवारी सकाळी आमच्याकडे वीज जातेच. मी बॅटरी आणि चार्जर दोन्ही जोडून बसलो, मॅडम शाळेला रजा टाकून समोर. काम संपेपर्यंत मी चहा नको म्हटलं. त्या म्हणाल्या, परीक्षेच्या हॉलमध्ये मी सुद्धा घेत नाही.

अकरा मिनिटं लागली. बॅटरीची वायर काढून नवा डबा बसवला, प्लगच्या पिना सरळ आहेत का ते भिंगातून पाहिलं, वायर परत जोडली. चावी मॅडमनी फिरवली. पिवळा दिवा लागला. चावीच्या चित्राचा दिवा दोनदा मिचकावला आणि विझला, म्हणजे ओळख पटली. इंजिन सुरू झालं. मी आजवर हजारदा इंजिन सुरू झालेलं ऐकलंय, पण त्या दिवशी मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं.

त्याच दुपारी, भर उन्हात, मॅडम, मी आणि इस्माईलभाई दोनदा लांज्याला जाऊन आलो. घाट चार वेळा झाला. बर्फ नेला नव्हता. गाडी कुठे थांबली नाही.

गॅरेजात परत आल्यावर मॅडम म्हणाल्या, "मला एक लिहून द्या. तुमच्या लेटरहेडवर. सही-शिक्क्यासकट."

मला वाटलं वॉरंटी हवी असेल. त्या म्हणाल्या, वॉरंटी नको, दाखला हवा. दोष कोणाचा होता त्याचा.

पस्तीस वर्षांत असा कागद माझ्याकडे कोणी मागितला नव्हता. मी लिहिलं: 'या गाडीचा ईसीएम तापल्यावर बंद पडत होता. तो बदलला आहे. चालवणाऱ्या मॅडमची कोणतीही चूक नव्हती.' कागद त्यांच्यापुढे केला. त्यांनी वाचला आणि विचारलं, "आणि तुम्ही जे सांगितलं होतंत, ते?"

मी कागद परत घेतला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: 'मी आधी क्लचचं कारण सांगितलं होतं. ते चूकीचं होतं.'

मॅडमनी पर्समधून लाल पेन काढलं. "चुकीचं मधला चु पहिला," त्या म्हणाल्या आणि दुरुस्ती केली. चुकीचं हा शब्दच मी चुकवला होता. मग त्यांनी तो कागद इस्माईलभाईंच्या हातात दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. त्यांनी वाचला. पहिल्या ओळीला आवाज बारीक होता, शेवटच्या ओळीला जरा चढला. ती माझ्याबद्दल होती ना. कागदाची घडी घालून त्यांनी तो स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "मिस्त्री, जहाजावर असं लिहून द्यायची पद्धत असती तर माझ्या चुकांचे तीस कागद जमले असते."

रविवारी दोस्ताचा जावई ठरल्याप्रमाणे गाडी बघायला आला. इस्माईलभाईंनी त्याला गाडी विकायची नाही असं सांगून चहा-बिस्किटं दिली. त्याला परत जायची एसटी चुकत होती. तेव्हा स्टँडपर्यंत सोडायला मॅडम निघाल्या, जावई पुढे बसला, आणि इस्माईलभाई स्वतः होऊन मागे.